गादी शाबूत, राज्य गेलेलं: हे पडद्यावर कसं दाखवायचं?

सांगलीच्या तुमच्या ग्रुपचा प्रश्न थोडक्यात असा, की साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या शेवटच्या वर्षांवर पहिला सिनेमा करायचाय, एक वाडा आणि मोजके कलाकार एवढ्यावरच भागवायचंय, निर्माता म्हणतोय लढाई नसेल तर निदान एक नाचाचा प्रसंग टाका, कॅमेरामन म्हणतोय पडका वाडा शोधा म्हणजे राज्य ढासळलंय ते आपोआप दिसेल, आणि तुम्हाला कळत नाहीये की सत्ता आतून संपत चाललीय हे दाखवायचं नेमकं कशातून. शेवटी विचारलंय की सुरुवातीला निवेदन लागेल का. मी वाई-साताऱ्याच्या पट्ट्यात आर्ट डिपार्टमेंटमध्येच उमेदीची सगळी वर्षं काढलीत, ऐतिहासिक सिरियली केल्या, सिनेमे केले, आणि हा काळ माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळं उत्तर लांबणार, वेळ काढून वाचा.

आधी पडक्या वाड्याचं बघू, कारण तिथंच सगळी गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. साताऱ्याचा जुना राजवाडा बांधला १८२४ च्या सुमारास, प्रतापसिंहांनीच. म्हणजे १८३९ मध्ये त्यांना गादीवरून उतरवलं तेव्हा तो वाडा पंधरा वर्षांचा होता, चुना घट्ट, लाकूड नवं, रंग ताजे. आणि शेजारचा नवा राजवाडा पुरा झाला १८४४ पर्यंत, म्हणजे मूळ महाराज बनारसला कैदेत असताना आणि गादीवर त्यांचे भाऊ अप्पासाहेब असताना. राज्य जात होतं आणि इमारती उभ्या राहत होत्या! तुम्ही जर कोळिष्टकं, पडलेली भिंत, पारव्यांची फडफड असलं काही दाखवलंत तर इतिहासाला धरून होणार नाहीच, पण नाट्यसुद्धा हातचं घालवाल. बघणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं की हे संपलंय, मग पुढचे दोन तास तो काय बघणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की संपत चाललेली सत्ता दिसते ती नीटनेटकेपणातून. रिवाज सगळे जिथल्या तिथं, चौघडा वेळेवर, मुजरा तीनदा, पानाचा विडा हातात, फक्त निर्णय त्या खोलीत होत नाही. कर्ता माणूस गेल्यावरही वर्षानुवर्षं लाईटचं बिल त्याच्याच नावानं येत राहतं ना, तसं. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की सेट, कपडे, लाईट, आवाज, सगळ्याचे निर्णय भराभर सुटतात.

आणि ही गोष्ट १८३९ ला सुरू होत नाही हे लक्षात घ्या. थोरले शाहू महाराज १७४९ मध्ये गेले, १७५० ला सांगोल्याला करार झाला आणि कारभार पुण्याकडं गेला, त्याच वर्षाच्या शेवटी ताराबाईंनी शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवलं. तेव्हापासून चित्र काय, की छत्रपती साताऱ्यात नजरेखाली आणि राज्य पुण्यातून चाललेलं. पण पेशवाईची वस्त्रं मात्र साताऱ्याहूनच यायची! प्रत्येक नव्या पेशव्याला छत्रपतींच्या नावानं वस्त्रं मिळाल्याशिवाय तो पेशवा व्हायचा नाही. म्हणजे ज्याला स्वतःला मोकळेपणानं किल्ला उतरता येत नाही तो माणूस दुसऱ्याला हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी प्रधानकी बहाल करतोय. शिक्के बघा. 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान' आणि मग खाली पेशव्याचं नाव, 'मुख्य प्रधान'. गादीवरचा छत्रपती बदलला की शिक्क्यातलं नाव बदलायचं, पण मान वरचाच राहायचा. हा शिक्का तुमच्या सिनेमात एकदा तरी पूर्ण स्क्रीनभर दिसला पाहिजे, उमटताना. प्रॉप बनवणाऱ्याला सांगा की रबरस्टँप करू नको, धातूवर कोरून घे, कारण रबराचा ठसा सगळीकडं सारखा उमटतो आणि कोरलेल्या शिक्क्याचा ठसा एका कडेला गडद, एका कडेला पुसट येतो, कॅमेऱ्याला तो फरक लगेच कळतो.

१७९८ मध्ये धाकट्या शाहू महाराजांनी (प्रतापसिंहांचे वडील) आणि त्यांचे भाऊ चतुरसिंग यांनी उठाव करून किल्ला ताब्यात घेतला होता, तो मोडला कोणी तर परशुरामभाऊ पटवर्धनांनी, तुमच्याच तासगावचे. तुम्ही सांगली-मिरजेची मंडळी आहात म्हणून मुद्दाम सांगतोय, हा सिनेमा 'आपले विरुद्ध इंग्रज' असा सरळ नाहीये. पुढं प्रतापसिंहांच्या काळात वेदोक्ताचा वाद (मराठ्यांना वैदिक मंत्रांनी विधी करायचा अधिकार आहे की नाही, हा) पेटला तेव्हाही सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब विरुद्ध बाजूला होते. तेच अप्पासाहेब, ज्यांच्या आश्रयानं १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं आणि ज्यांच्यामुळं आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. असं पात्र लिहायला मिळतंय तर लिहा, एकाही माणसाला सरळसोट खलनायक करू नका. इंग्रजांच्या बाजूनं काम करणारा बाळाजीपंत नातूसुद्धा. मिशीवर ताव मारणारा फितूर दाखवणं लई सोपं असतं. पण जो माणूस मनापासून समजतोय की उद्याचा सूर्य ईस्ट इंडिया कंपनीचाच उगवणार आणि आपण शहाणपणा करतोय, तो जास्त अंगावर येतो.

आता नाचाचं. माझं स्पष्ट मत, काढून टाका. निर्मात्याला पटेल असं कारण हवं असेल तर हे सांगा. राजा विलासी, राजा बाईबाटलीत बुडालेला, म्हणून राज्य गेलं, ही गोष्ट कंपनीनंच रचली, संस्थानं खालसा करताना कागदोपत्री कारण म्हणून वापरली. अवधच्या वाजिद अली शाहच्या बाबतीत १८५६ ला तेच झालं. साताऱ्यात तर हे कारणसुद्धा देता आलं नाही! प्रतापसिंह रोजनिशी लिहिणारे, रस्ते बांधणारे, शाळा आणि छापखाना काढणारे राजे. १८२२ ला कंपनीनं त्यांच्या हाती पूर्ण कारभार दिला आणि त्यांनी तो इतका चोख केला की १८३५ मध्ये लंडनच्या डायरेक्टरांनी कौतुकाचं पत्र धाडलं आणि सोबत रत्नजडित तलवार मंजूर केली. ती तलवार मुंबई सरकारनं त्यांना दिलीच नाही. आता मला सांगा, हातात ही तलवार असताना नाच कशाला पाहिजे? न पोचलेली तलवार हा अख्ख्या सिनेमाचा कणा होऊ शकतो, मुंबईतल्या कुठल्यातरी कपाटात ती पेटी पडून आहे एवढा एक शॉट, आणि इकडं साताऱ्यात दरबारी एकमेकांना विचारतायत की आली का.

चांगला कारभार केला तरी का काढलं मग, हे प्रेक्षकाला नीट कळलं पाहिजे, कारण तिथंच सिनेमाचं मर्म आहे. १८१९ च्या २५ सप्टेंबरला कंपनीशी तह झाला, वर नीरा, खाली वारणा-कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री असं राज्य मिळालं, पण अट अशी की बाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही, जे काय असेल ते रेसिडेंटमार्फत, म्हणजे साताऱ्यातल्या कंपनीच्या प्रतिनिधीमार्फत. पुढं जहागीरदारांवरून वाजलं, अक्कलकोट, फलटण, औंध, भोर, जत ही मंडळी नक्की कोणाच्या हाताखाली, महाराजांच्या की कंपनीच्या. महाराज म्हणाले तहात लिहिलंय, मुंबई सरकार टाळत राहिलं, लंडनला दाद मागायची तर तीसुद्धा यांच्याच हातून. आणि मग आरोप आले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रं, नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी पत्रं, साताऱ्यातल्या देशी पलटणीतल्या सुभेदारांना फितवलं. म्हणजे बघा, कारण काय तर पत्रं. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला, म्हणाला या कागदावर सही करा, सगळं माफ. महाराजांनी सही केली नाही, कारण सही म्हणजे आरोप कबूल. ४ सप्टेंबरच्या रात्री राजवाड्याला पलटणीचा वेढा पडला आणि पहाटेपर्यंत महाराज पालखीतून शहराबाहेर होते.

एका कागदावर सही न केल्यामुळं गेलेलं राज्य आहे हे. त्यामुळं तुमच्या बजेटची काळजी मला बिलकुल वाटत नाही, कारण हा सिनेमा तोफांचा नाहीच, कागदाचा आहे. तर खर्च कागदावर करा. हाती बनवलेला कागद घ्या, त्याला चहाच्या पाण्यात बुडवून जुना करू नका, कारण १८३९ च्या माणसासाठी तो कागद आजचा आहे, पांढरा-बदामी, कडक. (हे चहाचं पाणी सगळ्या सिरियलींमध्ये चालतं आणि मला त्याचा मनापासून राग आहे.) मोडी लिहिणारा माणूस गाठा, फाँट प्रिंट करून त्यावर नटाचा हात फिरवायचा असलं करू नका. मोडीत आधी डोक्यावरची रेघ ओढून घेतात, अख्खी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं लटकवत जातात. ही कृती इतकी सुंदर दिसते की एक मिनिट कट न करता ठेवली तरी प्रेक्षक हलणार नाही. काजळाची शाई, वरून बारीक वाळू, ती झटकली की सरसर आवाज, मग कागदाला दुसरा बंद जोडायचा, जोडावर छोटा शिक्का, शेवटी मोर्तब. घडी घालून थैलीत. आणि समोरून रेसिडेन्सीतून काय येतं, तर विलायती कागद, लोखंडी टाकाची अक्षरं, लाल लाख. दोन कागद एकाच डेस्कवर शेजारी ठेवा, एक शब्द बोलायला लावू नका कोणाला.

दुसरी गोष्ट खुर्ची. दरबाराची बैठक जमिनीवर असते, गादी, तक्के, लोड, पांढरी चादर, सगळ्यांची डोकी साधारण एका उंचीवर आणि महाराजांची थोडी वर. त्या खोलीत एक इंग्रजी खुर्ची आणा. बूट घातलेला माणूस तिच्यात बसला की सगळ्या खोलीची उंची बिघडते, गादीवरच्या माणसाला वर बघावं लागतं. पहिल्या प्रसंगात फरासखान्याची माणसं खुर्ची आणतात, ठेवतात आणि भेट संपली की उचलून नेतात. मधल्या काळात ती खोलीच्या कोपऱ्यात राहायला लागते. शेवटी ती तिथंच असते आणि तिच्याखालची चादर चार पायांच्या जागी दबलेली असते. कॅमेरामनला सांगा, पहिल्या भागात लेन्स बैठकीच्या उंचीवर ठेव, म्हणजे खुर्चीतल्या माणसाचे आधी गुडघे दिसू देत. हे करायला एक खुर्ची लागते फक्त. ती बाजारातली शिसवी, कोरीव, सिंहाच्या पायांची घेऊ नका, कँपातली साधी, वेताची, मोडून ठेवता येणारी घ्या, लष्करी माणूस तसलीच वापरणार.

आवाजाचं पण असंच आहे. नगारखाना ठरल्या वेळी वाजतो, सनई-चौघडा, त्या वेळा संहितेत लिहून ठेवा आणि अख्ख्या सिनेमात पाळा. दुसऱ्या बाजूला कँपातलं बिगुल. सुरुवातीला बिगुल लांबून, वाऱ्यावर, मग हळूहळू दोन्ही एकाच वेळी, शेवटी शेवटी राजवाड्यातला शागीर्द बिगुल ऐकून वेळ ओळखायला लागलाय, चौघड्यावरून नाही. हे एखाद्या पात्राच्या तोंडून सांगू नका, त्याला बिगुल वाजल्यावर समया लावायला उठताना दाखवा. आणि सनई ताजी रेकॉर्ड करा, स्टॉकमधली लग्नाची नको, मिरज-सांगलीत राहून चांगला वादक मिळाला नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगायची हा मोठा प्रश्न आहे आणि तुमच्या मसुद्यात ती महाराजांच्या नजरेतून आहे. माझा सल्ला, एक पायरी खाली उतरा. हंगेरीच्या इश्तवान साबोनं १९८५ मध्ये 'कर्नल रेडल' केला, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याची पहिल्या महायुद्धाआधीची वर्षं, आणि तो सिनेमा सम्राटाच्या दालनात क्वचितच जातो. मध्यभागी आहे गरीब घरातून वर आलेला, सम्राटावर जिवापाड निष्ठा असलेला लष्करी अधिकारी. आजूबाजूचे उमराव मनातून कधीच बाहेर पडलेत आणि ज्याला राज्यानं सगळं दिलं तोच एकटा अजून विश्वास ठेवून आहे, शेवटी त्याचाच बळी दिला जातो. खरा रेडल रशियाला गुपितं विकायचा, १९१३ ला व्हिएन्नात त्यानं गोळी झाडून घेतली, साबोनं ते बदलून आपल्या कामाचं केलं. मला त्यातली एकच गोष्ट तुम्हाला द्यायचीय, सडणं दाखवायला निष्ठावान माणूस लागतो. बेरकी माणूस मध्यभागी ठेवला की प्रेक्षकही बेरकी होतो, म्हणतो असंच असतं, सोडा. निष्ठावान माणसाबरोबर प्रेक्षकाला दर वेळी धक्का बसतो.

तुमच्याकडं हा माणूस तयार आहे. रंगो बापूजी. महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथंच झगडत राहिले. १८४७ ला महाराज बनारसमध्ये वारले, १८४८ ला गादीवर बसलेले त्यांचे भाऊ अप्पासाहेब वारले, दत्तक नामंजूर करून डलहौसीनं सातारा खालसा केलं, आणि हे गृहस्थ तिकडं अजून अर्ज लिहितायत, अशा राज्याच्या वतीनं की जे नकाशावरच राहिलं नाही. लंडन दाखवायला पैसे नाहीत हे मला माहितीये. दाखवू नका, त्यांची पत्रं साताऱ्यात येताना दाखवा, आणि ती वाचणारा चिटणिसांच्या दप्तरातला एखादा तरुण कारकून घ्या, काल्पनिक. तो तुमचा डोळा. महाराज त्याला दिसतात तेवढेच आपल्याला दिसतील, दाराच्या फटीतून, पाठमोरे, रोजनिशी सांगताना. मूळ माणूस कमी दिसला की नटावरचं ओझंही कमी होतं, आणि महाराजांबद्दल लोकांच्या भावना आहेत, ते अंतर आदराचंही होतं.

सत्यजित रायनी १९७७ ला 'शतरंज के खिलाडी' केला त्यातही हेच धोरण आहे, अवधवर फौज चालून येते पण लढाई नाही, दोन जहागीरदार बुद्धिबळ खेळतायत. आणि वाजिद अलीला त्यांनी टिंगलीचा विषय केला नाही, त्याला गाणं दिलं, लाज दिली, शेवटी तो सही नाकारून डोक्यावरचा ताज काढून रेसिडेंटपुढं धरतो. प्रतापसिंहांचा नकार आणि वाजिद अलीचा नकार शेजारी ठेवून बघा, दोघांनी सही केली नाही. पण साताऱ्याचा नकार कायद्याचा आहे, तहाचं कलम बोटानं दाखवून दिलेला. त्यामुळं त्या प्रसंगात रडारड नको, वकिली थाट हवा. तुमचे नट नाटकाचे आहेत, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असणार, तर तालमी त्याच वाड्यातल्या माजघरात घ्या, कुजबुजत. दरबारात कोणीच ओरडत नाही, ज्याला ओरडावं लागतं त्याची सत्ता नसते.

आता लोकेशनच्या बारीक गोष्टी, कारण इथं शूटिंगचा निम्मा वेळ जातो. साताऱ्यात अजिंक्यतारा फ्रेममध्ये घेताय तर वर टॉवर आहे, तो टाळायला अँगल बांधूनच जा नाहीतर व्हीएफएक्सचा खर्च धरा. सज्जनगड, ठोसेघरच्या बाजूनं पठारं घेतलीत की पवनचक्क्या येणार. खुद्द राजवाडा विसरा, भोवती बाजार आणि रहदारी आहे, सिंक साऊंड, म्हणजे शूटिंगच्या जागेवरच घेतलेला आवाज, मिळणारच नाही. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट तुम्हाला माहितीच असेल, हिंदी सिनेमांनी तो एवढा वापरलाय की घाटाचा सरळ समोरून वाईड घेतला तर लोक ओळखतात, म्हणून आतले चौक घ्या, जिने घ्या. कौलं बघा! मंगलोरी कौलं १८६५ नंतरची, आज बहुतेक वाड्यांवर तीच आहेत, त्यामुळं छप्पर फ्रेममध्ये घ्यायचंच असेल तर नळीची कौलं असलेला एक छोटा भाग बांधून घ्या. शहाबादी फरशीवर जाजम टाका. अंगणातलं काँग्रेस गवत मुळासकट उपटून टाका, ते स्वातंत्र्यानंतर आलंय, आणि नेमकं तेच क्लोजअपमध्ये डुलत असतं. रॉकेलचा कंदील हातात दिला की सगळं गेलं, १८३९ ला रॉकेल नाही, समई, पलिते, मशाल, मेणबत्तीची हंडी एवढंच. तेलाच्या दिव्याचा उजेड खालून येतो आणि हलतो, तो लाकडी तुळयांवर कसा चढतो ते आधी टेस्ट शूट करून बघा, आजचे कॅमेरे एवढ्या उजेडात छान चालतात.

कपड्यांत एक सांभाळा, भाड्यानं कपडे देणारे सरसकट सगळ्यांना पेशवाई चक्री पगडी चढवतात. मराठा सरदाराचं पागोटं वेगळं, चिटणिसांकडच्या प्रभू मंडळींची पगडी वेगळी, भटजींचं वेगळं, आणि याच डोक्यांवरून त्या दरबारातल्या तटबंद्या प्रेक्षकाला न सांगता कळतात. अंगरखे जुनाट करू नका. फक्त हळूहळू भरजरी काम कमी करत न्या आणि महाराजांचा पोशाख मात्र शेवटपर्यंत तसाच ठेवा. इंग्रज शिपायांना लाल कोट लोकरीचाच शिवा, पॉलिएस्टरचा चमकतो, आणि ऊन असेल तर घाम खराच येऊ द्या. बंदुका गारगोटीच्या चापाच्या.

संशोधनाला कुठं जायचं, तर पुण्यात पेशवे दप्तर, डेक्कन कॉलेजात पारसनिसांचा संग्रह, भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि पोशाख-चेहऱ्यांसाठी औंधचं संग्रहालय. लेखकानं एकट्यानं जाऊ नये, मोडी वाचणाऱ्याला घेऊन जावं आणि महाराजांच्या रोजनिशीतली कामाची पानं ऐकावीत, मुद्दाम मोठ्यानं वाचून घ्यावीत. तुमच्या मसुद्यातले संवाद आत्ता पुस्तकी झालेत, सगळेच 'आम्ही' म्हणतायत आणि सगळ्यांची वाक्यं पल्लेदार आहेत. त्या काळची कारभारी भाषा तुटक आहे, कामाची आहे, फारशी शब्दांनी भरलेली आहे, हुजूर, रुजू, ताकीद, तगादा. ती कानात बसली की अर्धे संवाद तुम्ही स्वतःच कापाल.

राहिला निवेदनाचा प्रश्न. नको. १७५० पासूनचा इतिहास दोन मिनिटांत सांगणारा भारदस्त आवाज आला की लोक मोबाईल काढतात. त्याऐवजी सुरुवात १७९६ च्या डिसेंबरनं करा, दुसऱ्या बाजीरावाला साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं मिळाली तो प्रसंग. प्रतापसिंह तेव्हा जेमतेम चार वर्षांचे, घरातलं मूल म्हणून कोपऱ्यात असू देत. तबकात वस्त्रं, त्यांची घडी, वरचा शिक्का, छत्रपतींचा हात तबकाला लागतो आणि तबक बाहेर जातं, बाहेर पहारा कोणाचा आहे ते दाखवा, आणि दार लागतं. तीन-चार मिनिटं, एकच दालन, सात-आठ माणसं. त्यावर साल लिहा आणि सरळ १८१८ च्या फेब्रुवारीत या, आष्टीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या छावणीत आलेला पंचवीस वर्षांचा राजा. लढाई दाखवू नका, लढाईनंतरच्या सकाळी छावणीत त्यांच्यासाठी बैठक कुठं घालायची यावरून चाललेली धावपळ दाखवा, आणि ती पहिली खुर्ची तिथंच येऊ द्या. एवढं झालं की पुढचं कोणाला समजावून सांगायची गरज पडणार नाही.

शूट पावसाळ्याच्या शेपटाला धरा, ४ सप्टेंबरची रात्र ओलीच हवी, आणि त्या दिवसांत वाई-साताऱ्याचा उजेडही मऊ असतो. वाड्याचे मालक हो म्हणाले तर एकाही भिंतीत खिळा ठोकणार नाही असं आधीच लिहून द्या आणि वरच्या मजल्यावर क्रेन, ट्रॉली चढवू नका, जुन्या तक्तपोशीला तो भार झेपत नाही. दुसरा ड्राफ्ट झाला की मला पाठवा, प्रॉपची यादी मी सीनप्रमाणे करून देईन.